वहीत नसलेली ओळ

११ डिसेंबर, गुरुवार. एका कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं तपासायला बसले होते. पहिली आवृत्ती चार वर्षांपूर्वी मीच तपासली होती, त्यामुळे प्रकाशकाला वाटलं की काम हलकं आहे. हलकं नसतं. अक्षर मोठं केलं की ओळी नव्या जागी तुटतात, जोडाक्षरं फुटतात, आणि आधी जिथे चूक नव्हती तिथे चूक उगवते. पट्टी ओळीखाली धरून मी सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत आले होते, तेव्हा लेखिकाबाईंचा फोन आला.

त्या नागपूरच्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हाताने वही लिहून ही एकच कादंबरी केली. एका नवरा-बायकोची प्रेमकथा. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, पण भांडण आलं की दोघांनाही ते निभावता येत नाही. ती उत्तर मागते, तो गच्चीवर जातो. मग ती भांडी आदळते आणि तो उशिरा खाली येतो. शेवट गोड आहे. पुस्तक बरं खपलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "अकराव्या प्रकरणातला जेवणाचा प्रसंग काढा. त्याची बदली झालीय ते तो सांगतो, तो. त्यातलं त्याच्या तोंडचं शेवटचं वाक्य कोणाचं आहे?"

मी पान काढलं. तिथे असं होतं :

"बदलीचा कागद आला," तो म्हणाला.

"कधी जायचंय?"

"एक तारखेला. मी एकटा गेलो तर मागून येशील का?"

तिनं ताट उचललं आणि ती आत गेली.

"तुमचंच वाक्य आहे की," मी म्हटलं.

"मलाही चार वर्षं तसंच वाटत होतं. छापलेलं वाचलं की सगळं आपलंच वाटतं. काल माळ्यावरून वही काढली. वहीत 'एक तारखेला' इथेच त्याचं बोलणं संपतं. पुढचं माझं नाही."

मी म्हटलं, शेवटच्या क्षणी तुम्ही एखादं पुरवणी पान पाठवलं असेल. त्या म्हणाल्या, पुरवणी नाही, वही एकच. मग म्हणाल्या, "मी रागावलेली नाही. पण वाचक मला विचारतात, तुमची नायिका एवढी दगड कशी हो? नवरा इतकं विचारतो आणि ही ताट उचलून चालती होते. मी म्हणायची, तशी नाही हो ती. आता कळलं लोक असं का म्हणतात. माझ्या वहीत तो काही विचारतच नाही, म्हणून ती उठते. छापलेल्या पुस्तकात तो विचारतो, आणि तरी ती उठते. माझी बाईच बदलून टाकली कोणीतरी."

बघून कळवते, असं मी सांगितलं. पाच मिनिटांत त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. निळी शाई, स्वच्छ अक्षर, खाडाखोड नाही. ते वाक्य नव्हतं.

तीस वर्षांत माझ्या हातून चुका राहिल्या आहेत. एका पुस्तकात मुखपृष्ठावरच्या नावात काना राहिला होता. पण मुळात नाही ते मी कधी घातलं नव्हतं. मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. आणि मला आठवलं की ते वाक्य मी वाचलेलंच नव्हतं. ते मी ऐकलं होतं.

हस्तलिखितावरून प्रूफ तपासायचं तर दोन माणसं लागतात. एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर ठेवायची. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा वाचतो, पण आखूड करून : स्वल्प, पूर्ण, प्रश्न, उद्गार, अवतरण बंद. मी छापखान्यात होते तेव्हा तिथे वाचायला माणूस होता. पुढे घरी काम आणायला लागले आणि वाचण्याचं काम नवऱ्यानं घेतलं. तो हायस्कुलात मराठीचा मास्तर, शाळा सकाळची, आवाज खणखणीत. तीन ते पाच आमची बैठक असायची, सुटीच्या दिवशी सकाळीही. तो अजिबात भाव न आणता वाचायचा, कारण भाव आणला की ऐकणाऱ्याचं लक्ष अर्थाकडे जातं आणि चूक सुटते. 'तू माझी आहेस स्वल्प फक्त माझी उद्गार अवतरण बंद' हे तो रेशनच्या यादीसारखं वाचायचा.

आमच्या घरात भांडणाचा आवाज कधी झाला नाही. शेजाऱ्यांना आम्ही फार गुणी वाटायचो. आमचं भांडण म्हणजे अबोला. जो आधी बोलेल तो हरला. मुलगी लहान होती तेव्हा निरोप तिच्यामार्फत जायचे. "बाबांना सांग, आंघोळीचं पाणी तापलंय." "आईला सांग, तापलं तर तापलं." दहा वर्षांची असताना ती एकदा दोघांच्या मधे उभी राहून म्हणाली, "मी शाळेत जाऊ का इथेच नोकरी करू?" आम्ही दोघंही हसलो, पण वेगवेगळ्या दिशेला तोंड करून.

फक्त प्रूफवाचन बोलण्यात धरायचं नाही, असा आमच्यात नियम पडून गेला होता. कुणी केला माहीत नाही. अबोला असला तरी तीन वाजता तो वही घेऊन बसायचा आणि मी लाल पेन घेऊन. काम झालं की पुन्हा गप्प. एका अबोल्यात त्यानं मला अख्खं पाककृतींचं पुस्तक वाचून दाखवलं. अबोला धरला त्या सकाळी माझ्या भाजीत मीठ पडलं नव्हतं. 'मीठ चवीनुसार' आलं की तो एक क्षण थांबायचा आणि मग 'पूर्ण' म्हणायचा. तेवढंच. तिसऱ्या वेळेला मला हसू आलं आणि तो अबोला तिथेच संपला.

शेवटचा मात्र संपला नाही. तो निवृत्त झाला, त्यानंतर महिनाभरानं एकदा जेवताना म्हणाला, "आक्का एकटी आहे. गुडघे गेले तिचे. अकोल्याले जाऊन राहावं म्हनतो." आक्का म्हणजे त्याची मोठी विधवा बहीण. माझं सगळं काम अमरावतीत, घर इथे, ओळखी इथे. पण काम काय, बसनंही पाठवता आलं असतं. माझी अडचण ती नव्हती. त्याच्या त्या बोलण्यात मी कुठे आहे हे त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मी म्हटलं, "राहा." आणि आम्ही दोघंही गप्प झालो ते तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत ही कादंबरी आली. तीन ते पाच तो वाचत होता, मी तपासत होते. अकरावं प्रकरण वाचलं तो दिवस मला आता नीट आठवतो, पण तेव्हा लक्षात राहण्यासारखं काही वाटलं नव्हतं. त्यानं वाचलं, "एक तारखेला पूर्ण मी एकटा गेलो तर मागून येशील का प्रश्न अवतरण बंद."

प्रुफावर 'एक तारखेला' नंतर अवतरण बंद होतं. मी म्हटलं, "थांबा. हे प्रुफात नाही. पुन्हा वाचा."

त्यानं पुन्हा वाचलं. सावकाश, तसंच, प्रश्नचिन्हासकट.

टायपिंगवाल्यानं ओळ खाल्ली, असं मी धरलं. असं नेहमी होतं. मी सुटलेली ओळ घालण्याची हंसपदाची खूण केली आणि ते वाक्य समासात लाल शाईनं, वळणदार अक्षरात लिहिलं. तो वहीकडे बघत बसला होता. मी म्हटलं, "पुढे." तो लगेच वाचेना. मला वाटलं, त्याची ओळ हरवली. मग त्यानं वाचलं, "तिनं ताट उचललं आणि ती आत गेली पूर्ण," आणि प्रकरण संपेपर्यंत कुठे अडखळला नाही.

मला ओळखू आलं नाही याचं एक कारण होतं. घरात तो अशी भाषा बोलतच नसे. मला विचारायचं असतं तर तो म्हणाला असता, "मी एकटा गेलो त येशीन काय मागून?" ते मी झोपेत ओळखलं असतं.

पाच दिवसांनी तो दोन पिशव्या घेऊन अकोल्याला गेला. मी ओट्यापाशी उभी होते. नंतर भांडण असं काही नाही. मुलीकडे पुण्याला भेट होते, लग्नकार्यात शेजारी बसतो, फोनवर विजेच्या बिलाचं बोलतो. चार वर्षं मी सगळ्यांना एकच सांगितलं, की तो मला न विचारता गेला. मुलीला सांगितलं, माझ्या भावांना सांगितलं, शेजारणींना सांगितलं. एकदा तरी विचारायला हवं होतं, असं सगळे म्हणत. माझी सगळी बाजू त्या एका गोष्टीवर उभी होती. आणि आता समोर फोनवर निळ्या शाईचं पान होतं.

त्याला फोन करून विचारता आलं असतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याला जाऊन अकोल्याची गाडी धरली. लेखिकाबाईंना उत्तर द्यायचं आहे, वाक्य ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय ते ठेवता येत नाही आणि काढताही येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. पण मूर्तिजापूर गेल्यावर खिडकीतून तुरीची उभी शेतं बघताना मी मनाशी कबूल केलं, की मला दुसरंच जाणून घ्यायचं आहे. तो प्रश्न अजून उघडा आहे का.

आक्कांचं घर गोरक्षण रोडच्या आतल्या गल्लीत. फाटकापाशीच मला त्याचा आवाज आला. ओसरीवर आक्का, शेजारच्या दोन म्हाताऱ्या, आणि मधे तो पेपर घेऊन बसलेला. बातमी वाचत होता. कुठल्याशा गावात सरपंचाच्या म्हशीवरून पंचायतीची सभा उधळली होती. सरपंचाचा आवाज वेगळा काढत होता, ग्रामसेवकाचा वेगळा, आणि म्हशीचाही एक. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी तिथेच उभी राहून सगळी बातमी ऐकली. ह्या माणसानं इतक्या वर्षांत माझ्यासमोर असं कधी वाचलं नव्हतं. मीच त्याला सांगितलं होतं, भाव आणायचा नाही.

आक्कांनी मला आधी बघितलं. "ये वो. रस्ता सापडला म्हनायचा."

"सापडला, आक्का."

"चार वर्सं लागले. अमरावतीहून पायी निघाली होती काय?"

शेजारणी चपला घालून गेल्या. त्यानं पेपर घडी केला आणि विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे, कामासाठी आले. आक्कांनी तुरीच्या शेंगांची परात पुढे सरकवली. जेवायला सोले-वांग्याची भाजी करायची होती आणि हात रिकामे ठेवून बसणं त्यांना चालत नाही. आम्ही तिघं शेंगांतले सोले, म्हणजे ओले दाणे, काढायला बसलो.

मी पिशवीतून पुस्तक काढलं, पान उघडलं आणि शेजारी फोनवरचा फोटो ठेवला. "हे वाक्य वहीत नाही."

त्यानं चष्मा शोधला नाही. बघायची गरजच नव्हती. "नाई," तो म्हणाला.

"तुमचं आहे?"

"माहं आहे."

"मग मले तसं सांगायचं होतं ना."

"सांगतलं ना. दोन खेपा वाचलं. तू पुन्हा वाचाले लावलं, मी पुन्हा वाचलं. मंग तू चांगल्या अक्षरात लिवून घेतलं अन् म्हनली, पुढे. मी म्हनलं, ऐकलं तिनं. आता काय बोलाचं राह्यलं."

"मी समजले टायपिंगवाल्यानं ओळ खाल्ली."

तो हसला. मनापासून नाही, पण हसला. "ते मंग समजलं मले. पुस्तक छापून आलं तवा. आक्काले दाखवलं मी."

"मले दाखवलं," आक्का म्हणाल्या. शेंग सोलता सोलताच म्हणाल्या. "म्या तवाच म्हनलं, तू मास्तर अन् तुही बायको मास्तरापेक्षा शानी. दोघायले मिळून एक वाक्य तोंडानं बोलता येत नाई. आमच्या काळात असं नव्हतं बाप्पा. आमी भांडे फेकत होतो."

"मग छापून आल्यावर कावून नाही सांगितलं?" मी त्याला विचारलं.

"तवा तू सगळ्यायले सांगून राहिली होती का मी इचारलं नाई म्हनून. तुह्या भावानं मले फोन करून आयकवलं. मी काय म्हनू? इचारलं होतं, पन प्रुफात?"

मी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. आक्का परात घेऊन आत गेल्या. भाजी त्यांनीच केली. मीठ बरोबर होतं. जेवताना त्यानं गल्लीतल्या गोष्टी सांगितल्या. कोणाचा दवाखाना, कोणाची बदली, रोज चार वाजता पेपर ऐकायला कोण कोण येतं. तो बोलत होता, आक्का मधेच त्याला तोडत होत्या, तो पुन्हा बोलत होता. कुणी रुसलं नाही. मी भाकरी खाल्ली आणि ऐकलं.

चारला थोडा वेळ होता तेव्हा मी निघाले. तो मला कोपऱ्यापर्यंत ऑटो बघून द्यायला आला. रस्त्यानं मी म्हटलं, "आता विचारा."

"काय?"

"तेच."

तो काही पावलं चालला. "नाई इचारत."

"कावून?"

"तू हो म्हनशीन म्हनून."

मी थांबले. तोही थांबला. तो रागानं बोलत नव्हता. वर्गात न समजलेल्या पोराला सांगावं तसं शांतपणे म्हणाला, "तू येशीन. आठ-पंधरा दिवस चांगलं चालीन. मंग काईतरी होईन. मी वर गच्चीवर जाईन, तू ताट उचलशीन. अन् आक्का मधात बसून निरोप देईन, पोरीनं दिले तसे. चार वर्सं झाले, मी कोनावर रुसलो नाई. मले आता ते जमनार नाई. तुह्यात खोट आहे असं नाई. आपल्या दोघायचंच तसं आहे."

"मले यायचं होतं," मी म्हटलं. "तेव्हा. तुम्ही नीट विचारलं असतं तर मी पिशवी भरली असती."

"हे तू मले आज सांगून राहिली."

"हो."

"मी आज आयकून राहिलो." त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "त्या वाक्याचं काय करशीन?"

"तुमचं आहे. तुम्ही सांगा."

"काढून टाक. बाईचं पुस्तक आहे. तिची बाई तिले परत देऊन दे."

ऑटो आला. त्यानं ऑटोवाल्याला स्टेशन सांगितलं, भाडं ठरवलं, आणि पेपर ऐकायला माणसं आली असतील म्हणून वळला. मी मागे बघितलं नाही असं नाही. तो भरभर चालत होता.

गाडीत मला जागा मिळाली. समोर एक जोडपं बसलं होतं, तिशीचं असेल. नवरा खिडकी बंद कर म्हणत होता, बायकोला ती उघडी हवी होती. मूर्तिजापूरपर्यंत दोघं मोठमोठ्यानं भांडली. मग तिनं अर्धी खिडकी लावली आणि दोघांनी एका पुडीतले फुटाणे खाल्ले. त्यांच्याकडे फार बघू नये म्हणून मी पुस्तक उघडून धरलं, पण वाचलं काही नाही.

बडनेऱ्याला उतरून घरी आले. मुलीला फोन केला आणि तिला सांगितलं, "बाबांनी मला विचारलं होतं. मी सगळ्यांना चुकीचं सांगत होते." मग तिनं विचारलं, "मग तू जाणार आहेस का?" मी म्हटलं, "नाही. आता ते बोलवत नाहीत." तिनं रडायला सुरुवात केली तेव्हा मी सांगितलं की उद्या बोलू, आणि फोन ठेवला. मग भावांना फोन केला. त्यांनाही तेच सांगितलं. धाकटा म्हणाला, आता कशाला उकरून काढतेस. मी म्हटलं, चूक माझी आहे, दुरुस्तीही मीच करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी लेखिकाबाईंना फोन केला. ते वाक्य माझ्या हातून आत गेलं, तुमची माफी मागते, या आवृत्तीत ते काढते, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पण होतं कोणाचं?" मी म्हटलं, मला वाचून दाखवणाऱ्याचं. त्या म्हणाल्या, "वाईट नव्हतं हो." मी म्हटलं, नाही, वाईट नव्हतं.

मग लाल पेन घेऊन मी त्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि समासात काढून टाकण्याची खूण केली. एवढ्यानं काम संपत नाही. मधली एक ओळ गेली की खालचं सगळं वर सरकतं आणि पानांच्या शेवटच्या ओळी बदलतात. प्रकरण संपेपर्यंत पुढची दोन पानं आधी बघून घ्यावी लागली. पट्टी धरून, एकटीनंच, मोठ्यानं वाचत ती पुरी केली. स्वल्प, पूर्ण, अवतरण बंद. आणि मग परवा जिथे थांबले होते तिथलं, अठ्ठेचाळिसावं पान काढलं.